आवाजवाला

रघुदादानं स्वतः न येता लेकीला हीथ्रोवर पाठवलं, तेव्हाच यतीननं ओळखलं की फोनवर सांगितलं त्याहून प्रकरण वाईट आहे. डॉक्टर रघुवीर मोघे म्हणजे कुठल्याही लांबच्या पाहुण्याला घ्यायलासुद्धा भल्या पहाटे स्वतः गाडी काढणारा माणूस. तो आईच्या उशाशी बसून राहिला असेल तर त्याचा अर्थ उघड होता.

कस्तुरी रेलिंगपाशी उभी होती. रडून रडून डोळे सुजलेले. यतीननं बॅग ठेवून तिला जवळ घेतलं, तेवढ्यात मागून कुणीतरी त्याच्या कोपराला हात लावला. एक बाई, तिचा नवरा, दोन मुलं. बोलण्यावरून श्रीलंकेतल्या जाफन्याकडचे तमिळ. बाई म्हणाली, "अप्पा, तुम्ही गेलात तो सीन बघितला आणि माझ्या घशाखाली घास उतरला नाही." म्हणता म्हणता तिथंच डोळे पुसायला लागली. नवऱ्यानं संकोचून फोन काढला. यतीन फोटोला उभा राहिला. बावीस वर्षं तमिळ सिनेमात खलनायकी केली, तेव्हा कोपराला हात कुणी लावला नव्हता. लोक लांबूनच पोरांना दाखवायचे, तो बघ, पोलिसाला जिवंत जाळणारा. आणि आता हे प्रेम मिळालं, ते मिळायला मुहूर्त कुठला, तर आजचा!

"काका, सगळा माझा चूक आहे," मोटरवेला लागल्यावर कस्तुरी म्हणाली. पोरगी कॉव्हेंट्रीत जन्मली, कॉव्हेंट्रीत वाढली. मराठी घरात शिकली आणि घरातच वापरली. "आय वॉज सो प्राउड ऑफ यू. म्हणून मी आजीला आयपॅडवर तुमचा फिल्म लावून दिला. तिला नीट दिसत नाही, काही लक्षात राहत नाही, आय नो, पण ती ऐकत होती. इतका शांत ऐकत होती. अँड देन शेवटी ते ब्रीदिंग…"

"मग?"

"मग आजी म्हणाली, गेला का गं? मी म्हटलं, हो आजी, गेला. बिकॉज स्टोरीमध्ये गेलाच ना तो!"

यतीननं तिच्या खांद्यावर थोपटलं. तिला काय सांगणार? चूक असलीच तर त्याच्या कामाची होती, आणि काम तर आयुष्यात पहिल्यांदा चोख झालं होतं.

पुण्यात वडिलांनी, अण्णांनी, घातलेलं मेडिकल अर्धवट टाकून तो नाटकात गेला, नाटकातून मुंबईच्या मालिकांत, आणि मालिकांतही उपाशी मरायची पाळी आली तेव्हा एका तमिळ फाइटमास्तरनं त्याची उंची आणि घारे डोळे बघून त्याला चेन्नईला उचलून नेलं. तमिळ पडद्याला उत्तरेकडचा दुष्ट माणूस कायम लागतो. यतीन कधी जमिनी लाटणारा मंत्री झाला, कधी मुलं पळवणारा शेठ. भाषेचा गंध नाही. कॅमेऱ्यामागून असिस्टंट ओळ ओरडायचा, हा तसे ओठ हलवायचा, आणि नंतर स्टुडिओत मुरुगेसन नावाचा बुटका, पानखाऊ माणूस ह्याच्या तोंडात आपला खर्जातला आवाज घालायचा. तो आवाज गाजला. शाळेतली पोरं त्याची नक्कल करायची. मदुराईच्या टपरीवर लोक यतीनला 'एकदा बोला ना' म्हणून गळ घालत, आणि तो बोलला की त्याचा खरा, पातळ आवाज ऐकून त्यांचे चेहरे पडत. शेवटच्या रिळात हा मरणार हे ठरलेलं. क्रेनखाली मरून झालं, रेल्वेखाली मरून झालं, एकदा तर उकळत्या काकवीत.

आई हे सगळं मजेत बघायची. "हा कुणाचा रे आवाज?" विचारायची. "माझं पोर असं बोलत नाही." मग त्यानंच तिला समजावलं होतं, "आई, तिकडे आवाजवाला वेगळा असतो. मी नुसता मरतो." आई हसून हसून बेजार झाली होती.

मागच्या वर्षी एक पोरगेला दिग्दर्शक त्याच्या दारात आला. मिठागरात राबून छाती कामातून गेलेल्या एका बापाची गोष्ट घेऊन. "सर, मला मुरुगेसन नको," तो म्हणाला, "मला तुमचा श्वास पाहिजे." यतीननं शिकवणी लावून तमिळ घोटलं. पण मरणाच्या प्रसंगाला भाषा नव्हतीच, नुसता श्वास होता. डबिंगच्या त्या काचेच्या खोलीत उभं राहून काही केल्या जमेना, तेव्हा त्यानं आपल्या लहानपणीचा दमा आठवला. आई पाठीशी उशा लावून त्याला बसवायची आणि छातीला कान लावून ऐकत राहायची. आधी बारीक शिट्टी, मग अडकणं, मग एक एवढासा सुस्कारा. तोच श्वास त्यानं त्या म्हाताऱ्याला दिला आणि शेवटी थांबवला. काचेपलीकडचा साउंडवाला हेडफोन काढून बाहेर निघून गेला होता.

आईला तमिळमधलं अक्षरही कळत नव्हतं. तिला श्वास कळला.

*

कॉव्हेंट्रीच्या अर्ल्सडन भागातल्या दादाच्या घराला फोडणीचा वास नाही असं यतीननं आजवर अनुभवलं नव्हतं. दार अनुराधावहिनींनी उघडलं. त्या भूलतज्ज्ञ; निवृत्त होऊन सासूच्या सेवेला लागलेल्या. एरवी कपाळावर आठी नसलेली बाई, आज चेहरा ओढलेला.

"या भावोजी. आत जाण्याआधी ऐका," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "परवापासून पाण्याचा थेंब घेतलेला नाही. म्हणतात, घरात मडं असताना कुणी जेवतं का? गॅस पेटवला तर वास त्यांच्यापर्यंत जातो, आणि मग अशा ओरडतात की शेजारच्या जेनेटनं येऊन विचारलं. आम्ही मागं काचेच्या खोलीत दार लावून सँडविच खातो, चोरासारखे."

"मडं? पण—"

"सिनेमात तुम्हाला नेलेलं कुठं दाखवलंय? तुम्ही मेलात आणि सिनेमा संपला. त्यांच्या लेखी तुम्ही अजून तसेच पडलाय."

यतीन तसाच पुढच्या खोलीत गेला. खोलीत हॉस्पिटलसारखी वरखाली होणारी खाट, कडेला कमोडची खुर्ची, आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून लीलावतीबाई. एके काळी चाळीस माणसांचा स्वयंपाक एकटीनं उरकणारी बाई, आता पांघरुणाखाली आहे की नाही कळू नये इतकी उरलेली. खुर्चीत रघुदादा बसला होता. त्यानं भावाकडे बघितलं आणि जागा करून दिली.

"आई, मी आलोय. यतीन."

पांघरूण हललं. आईनं मान वळवली. ओठ पापुद्रे येऊन फाटले होते. नजर यतीनच्या जरा बाजूला लागलेली, कारण तिला समोरचं दिसत नसे, कडेचंच तेवढं दिसे.

"परत बोला," ती म्हणाली.

"आई, मी यतीन. चेन्नईहून आलो. मला काहीसुद्धा झालं नाही. हे बघ, हात धर." त्यानं तिचा हात उचलून आपल्या कपाळावरच्या लहानपणीच्या खोकेवर ठेवला. झोपाळ्यावरून पडला तेव्हा तिनंच त्यात हळद भरली होती. आईची बोटं क्षणभर तिथं थांबली. यतीनचा जीव नुसता बोटांत गोळा झाला. मग तिनं झटकन हात मागं घेतला.

"अहो, हे काय करता! म्हाताऱ्या बाईचा हात असा धरतात?" ती दम खात म्हणाली. "पण आवाज अगदी तस्सा काढता हो. माझ्या यतीनचाच. तुम्ही ते आवाजवाले ना? सांगितलं होतं मला त्यानं, आई, माझा आवाज दुसराच माणूस देतो म्हणून."

"आई, अगं तो मुरुगेसन! तो माझ्यासारखा बोलत नाही, तूच तर म्हणायचीस!"

"बसा. एवढ्या लांबून भेटायला आलात. चहा विचारला असता, पण अजून त्याला नेलेलं नाही."

यतीन बसला. वीस वर्षांपूर्वी हसत हसत सांगितलेली ती गंमत म्हातारीच्या डोक्यात उलटी होऊन बसली होती आणि आता ती सुलटी करायची कशी? आईनं त्याला जन्मात पहिल्यांदा 'अहो' म्हटलं होतं. बाकी सगळं एकवेळ सोसलं असतं, ते 'अहो' त्याला सोसेना.

*

"बघितलंस?" काचेच्या खोलीत दार लावून घेतल्यावर दादा म्हणाला. हाडांचा डॉक्टर, इथल्या हॉस्पिटलात तीस वर्षं माणसं उभी केलेली. "संध्याकाळपर्यंत पोटात पाणी गेलं नाही तर अँब्युलन्स बोलावणार मी. जीपी डॉक्टर सांगून गेलाय. किडनी बसायला वेळ लागत नाही."

"अहो, मागच्या वेळी पडल्या तेव्हा नेलं होतं ना?" अनुराधावहिनी म्हणाल्या. "वॉर्डात त्यांची भाषा कुणाला कळेना. नळ्या उपसत होत्या म्हणून हातांना मोजे बांधून ठेवले. घरी आल्या त्या अर्ध्याच आल्या. आता नेलंत तर परत यायच्या नाहीत. डॉक्टर म्हणून सांगते, सून म्हणून नाही."

"मग उपाशी मारू तिला घरात?" दादाचा आवाज चढला. मग तो यतीनकडे वळला. "तुझं बरं आहे. तू मरतोस, तुला टाळ्या मिळतात. निस्तरायचं आम्ही!"

"दादा, मला का हौस होती—"

"सगळी हौसच होती तुझी! मेडिकल सोडलंस ती हौस. अण्णांनी हाय खाल्ली."

"बाबा, प्लीज," कस्तुरी म्हणाली. ती कोपऱ्यात गुडघे जवळ घेऊन बसली होती.

यतीननं वाद वाढवला नाही. त्याला एक गोष्ट आठवली होती. तमिळ सेटवर पाळतात असा एक रिवाज आहे. नटानं मरणाचा शॉट दिला की त्याला तसंच उठून जाऊ देत नाहीत. कॅमेरा चालू ठेवून त्याला उठवून बसवतात आणि लेन्समध्ये बघून हसायला लावतात. मेलेला माणूस हसला की अशुभ टळलं. कितीही घाई असो, तो हसरा शॉट घेतल्याशिवाय दिवे विझत नाहीत. यतीननं चेन्नईला फोन लावला. असिस्टंट बिचारा कामाचा, थोड्या वेळात त्यानं ती क्लिप पाठवली.

"आई, हे बघ," खाटेशी बसून यतीन म्हणाला. फोन त्यानं तिच्या डोळ्याच्या कडेला धरला, तिथून तिला दिसे. "बघ, उठून बसलो की नाही? हसतोय की नाही?"

आई बघत राहिली. पडद्यावर खाटेवरचा म्हातारा, नाकात कापूस. दोघं त्याला काखेत हात घालून बसवतात. तो दात काढून हसतो. आजूबाजूची माणसं टाळ्या वाजवतात. शॉटला आवाज नव्हता, नुसती चित्रं.

"हे काय? बसवताहेत त्याला?" आईनं विचारलं. मग तिचा चेहरा वाकडा झाला. "अरे, हसवताहेत! मेल्यावर तरी सोडा रे माझ्या लेकराला! कुणी आहे का, झाका रे त्याला कुणीतरी!" ती उशीवर हात आपटायला लागली. ओरडता ओरडता तिच्या ओठातून रक्त आलं. दादानं फोन हिसकावून घेतला आणि यतीनला जवळजवळ ढकलतच खोलीबाहेर काढलं.

*

परत काचेच्या खोलीत. आतून आईचं कण्हणं ऐकू येत होतं.

"भावोजी, मी बोलू का?" अनुराधावहिनींनी सुरुवात केली. "राग मानू नका. तुम्ही जिवंत आहात हे त्यांना पटवण्यात आपण सकाळ घालवली. ते पटत नाही. त्यांना फक्त एवढंच ऐकायचंय, की नेलं. नेलं म्हटलं की त्या जेवतील. आणि तुमच्या तोंडून ऐकतील. तुम्हाला त्या आवाजवाले समजतात."

"म्हणजे मी सांगायचं, की मला—"

"नाही!" दादानं टेबलावर हात मारला. "ह्या घरात माझ्या जिवंत भावाला नेलं, जाळलं, असं कुणी बोलायचं नाही. अनू, शुद्धीवर आहेस का?"

यतीनला वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली.

"दादा," तो म्हणाला, "मेडिकल सोडलं तेव्हा मला भाऊ नाही, असं तूच म्हणाला होतास."

"म्हणालो असेन. अक्कल नव्हती." दादानं चष्मा काढून खिशात टाकला. "दर रविवारी ती तुझ्याशी फोनवर बोलायची ना? मी दाराबाहेर उभा राहून ऐकायचो. माझ्याशी ती औषधांबद्दल बोलते. तुझ्याशी हसायची. एकदा तुला नेलं म्हटलं की झालं, यतीन. तुला आई परत मिळायची नाही."

"बट आजी उद्या विसरेल ना?" कस्तुरीनं विचारलं. "सगळा विसरते ती."

"दुःख नाही गं विसरत त्या," वहिनी म्हणाल्या. "जेवलो की नाही ते विसरतात. अण्णा गेले ते एकदाही विसरल्या नाहीत."

यतीन उठला. काय करायचं ते त्याला कळलं होतं आणि कळलं म्हणूनच त्याला भयंकर रडू येत होतं. बावीस वर्षं तो पैशासाठी मेला, एकदा मानासाठी मेला. ती मरणं सोपी होती. पॅकअप झालं की चहा मिळायचा.

"वहिनी, पेज टाकायची तयारी करा," तो म्हणाला. "मी सांगितल्यावर गॅस पेटवा."

"यतीन, मी तुला सांगतोय—" दादा म्हणाला.

"दादा, ती तहानेनं मरतेय रे."

दादा खाली बसला.

यतीननं स्वयंपाकघरातल्या नळाखाली डोकं धरलं. गार पाण्यानं केस भिजवले आणि पुसले नाहीत. स्मशानातून आलेला माणूस आंघोळ करून येतो. आई हात लावील, तर केस ओले लागायला हवेत. इतकी वर्षं काम केल्यावर अशा गोष्टी आपोआप सुचतात, आणि त्या सुचल्याचा त्याला संताप आला.

"आजी," तो खाटेशी बसून म्हणाला. 'आई' म्हणायचं नाही हे जिभेला दोनदा बजावून. "नेलं."

कण्हणं थांबलं. "कोण आहे?"

"मी. आवाजवाला. आत्ताच आलो तिकडून. नेलं यतीनला."

आईचा हात चाचपडत आला, त्याच्या ओल्या केसांना लागला आणि तिथंच राहिला. "कोण कोण होतं?"

"पुष्कळ माणसं होती. मी खांदा दिला. रघुवीर पुढं होते, मडकं धरून."

"लाकडं ओली नव्हती ना? ह्यांच्या वेळी ओली निघाली."

"कोरडी होती. लगेच पेटलं."

"रघु रडला का? तो रडत नाही हो. लहानपणापासून रडत नाही."

यतीननं दाराकडे बघितलं. दादा चौकटीला धरून उभा होता. "रडले," यतीन म्हणाला. "अजून रडताहेत."

"बरं झालं," आई म्हणाली. "त्याला फार लागला होता का हो दम? मी ऐकत होते. मध्ये अडकत होता. मला उठून जाता येईना. पाठीशी उशी लावली असती तर सुटला असता."

"शेवटी सुटला, आजी. त्रास नाही झाला. मी होतो जवळ."

"तुम्ही होतात ना? मग ठीक." तिनं ओठांवरून जीभ फिरवली. "पाणी आहे का?"

यतीननं चमच्यानं पाणी घातलं. एक चमचा, दुसरा, मग पेलाच तोंडाला लावला. वहिनींनी गॅस पेटवला. तांदळाच्या पेजेचा, जिऱ्याचा वास घरभर गेला आणि आई ओरडली नाही. कस्तुरी वाटी घेऊन आली. यतीननं ती घेतली आणि फुंकर घालून एकेक चमचा भरवायला लागला. आई लहान मुलासारखं तोंड उघडत होती.

"मराठी छान बोलता हो," अर्ध्यावर ती म्हणाली.

"यतीननं शिकवलं."

"गुणी होता. डॉक्टर झाला नाही म्हणून ह्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. मी नाही टाकलं. तुम्हाला आई आहे का?"

यतीननं काय सांगावं? काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं, आणि तरी खोटं त्याच्या तोंडून निघेना.

"आहे," तो म्हणाला.

"म्हातारी असेल."

"हो. थकलीय."

"मग इथं परक्याच्या घरी काय करता? जा तिच्याकडे. वाट बघत असेल ती." तिनं वाटी बाजूला सारली. पोट भरलं होतं, पापण्या जड झाल्या होत्या. "जा म्हणते ना. मला आता माझी माणसं आहेत."

यतीननं तिचं तोंड पुसलं, पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. दाराशी दादा हुंदका दाबून उभा होता. यतीन उठला. "येतो, आजी," तो म्हणाला.

"अहो, सुतकाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणू नये," आई डोळे मिटूनच म्हणाली. "नुसतं उठून जायचं."

तो नुसता उठून गेला.